पांढरी मऊ पेन्सिल

जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, दुसरीचा वर्ग, विषय गणित. खिचडी खाऊन निम्मी पोरं पेंगतायत आणि मी कोपऱ्यात त्या लाल प्लॅस्टिकच्या छोट्या खुर्चीत, म्हणजे गुडघे हनुवटीला आणि गुडघ्यांवर निरीक्षण तक्ता. कागदावर आमचा शिक्षक व्हायचा कोर्स डी.एल.एड., पण घरीदारी सगळे अजून डीएडच म्हणतात. काकांच्या वेळी डीएड झालं की नोकरी धरूनच चालायचे, आता २०१३ पासून टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा, मग ती टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसायचं, जाऊ दे. तर स्वतः शिकवायच्या आधी दुसऱ्याचं शिकवणं बघायचं असतं आणि बघायचं म्हणजे रकाने भरायचे. प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्न विचारण्याचं कौशल्य, फलकलेखन, वर्ग नियंत्रण.

शाळा जिल्हा परिषदेची, पण डोळ्यासमोर गळकी कौलं आली असतील तर ती आधी उतरवा. पायऱ्यांवर पाढे, खांबांवर महिने, फरशीवर शंभरपर्यंतचे आकडे, आणि दाराच्या खाली अर्धगोलात अंश रंगवलेत, दार किती उघडलं ते कळावं म्हणून. मी पाच मिनिटं उशिरा, दार जरासं ढकलून अंग चोरून आत शिरले, तर पुढचा एक पोरगा खाली बघून ओरडला, मॅडम, चाळीस! अख्खा वर्ग हसला. फळ्याच्या जागी मोठा टच पॅनेल, आणि प्रत्येकाच्या मांडीवर लोकसहभागातून आलेली ती एलसीडी पाटी, काळी, लिहिलं की हिरवं उमटतं आणि बटण दाबलं की टुक, सगळं साफ.

त्या टुकवरच मी अडकले. पुढची दहा मिनिटं मॅडमनी काय शिकवलं ते मला खरंच सांगता येणार नाही (तक्त्यात मात्र 'प्रस्तावना प्रभावी' असं आहे).

आमची पाटी दगडी, लाकडी चौकटीची, एका कोपऱ्यातून कायम खिळखिळी. पुसायला क्रीमच्या रिकाम्या डबीत ओला स्पंज. तो दोन दिवसांत आंबायचा आणि दप्तर उघडलं की वास. पोरं थुंकी लावून कोपराने पुसायची, मग बाई ओरडायच्या, अरे विद्या आहे ती, पाया पड. तेव्हा बाई असायच्या, आता सगळ्या मॅडम. आणि कितीही घासलं तरी जुनं लिहिलेलं पुसटसं खाली दिसायचंच, बाई पाटी तिरकी धरायच्या आणि म्हणायच्या, आधी काय लिहिलं होतंस ते दिसतंय हं मला.

आणि पेन्सिल. आता खरं सांगा, खाल्लीये की नाही? त्यात दोन जाती, करडी कडक असते ती लिहायला आणि पांढरी मऊ असते ती खायला, याच्यावर मी वाद घालणार नाही. मातीच्या माठाच्या कडेला जीभ लावली की येते तशी काहीशी चव, पण खरी मजा त्या करकर आवाजात. अख्खा बॉक्स चार दिवसांत संपला तेव्हा आजीने निदान केलं, पोरीच्या पोटात जंत झालेत, आणि आठवडाभर वावडिंगाचं पाणी पाजलं. पुढे कॉलेजात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, डॉक्टरांनी सरळ विचारलं, माती, खडू, पेन्सिल खाता का? लोह कमी असलं की असलं खावंसं वाटतं म्हणे. मी म्हटलं छे.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, लिहा एकोणतीस.

पाट्या वर झाल्या. बऱ्याच २९, पण तीन-चार ३९, आणि त्यांचं काय चुकलं सांगा, कानाला 'तीस' ऐकू येतंय तर हाताने तीनच काढला. एकोण म्हणजे एक कमी हे सात वर्षांच्या पोराला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी नव्व्याण्णवला ते एकोण का नाही लागत याचं उत्तर माझ्याकडे नाहीये. मॅडम शांतपणे म्हणाल्या, वीस आणि नऊ, वीस नऊ. लगेच पाट्यांवर टुक टुक. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हे 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, गणिताच्या पुस्तक समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर टीव्हीवर समजावून सांगत होत्या की बाबांनो जोडाक्षरं अवघड जातात, जुनी नावंही ठेवलीत, आणि आम्ही व्हॉट्सॲपवर जोक ढकलत होतो. मीपण ढकलले. त्या छोट्या खुर्चीत बसून ते सगळे जोक मनातल्या मनात डिलीट केले.

माझ्या शेजारी फरशीवर बसलेली, दोन वेण्या आणि लाल रिबिनी, तिने ३९ लिहिलं होतं. पाटी वर केलीच नाही. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टुक. मग पुढच्याचं बघून २९. काहीच उरलं नाही, पुसटसंसुद्धा नाही, पाटी कितीही तिरकी धरली तरी. मॅडमना कळायचं कारणच नव्हतं, त्या चाळीस पाट्यांकडे बघत होत्या. दिसलं फक्त मला, आणि माझ्या तक्त्यात सगळे रकाने मॅडमचे.

मी बघतेय हे तिला कळलं असावं. तिने कंपास उघडली, खोडरबराच्या खालून एक तुकडा काढला, पांढरा. या एलसीडी पाटीवर तो काही कामाचा नाही. अर्धा तोंडात टाकला, अर्धा माझ्यापुढे धरला.

"घ्या ना मॅडम."

मी घेतला. काय करणार.

आणि नेमकं तेव्हाच समोरून, "काय नवीन मॅडम, काही सुचवायचंय का?" सगळा वर्ग मागे वळला. मी तोंड मिटून जोरजोरात मान हलवली, नाही नाही. तिने तर तोंडावर वहीच धरली होती. वर्ग नियंत्रण : उत्तम, असं लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी एसटीत बसल्यावर दातात अडकलेली कच लागली तेव्हा आठवलं, तिला एकोणतीस येतं का ते विचारायचं राहिलंच.