पाऊस आला म्हणून शहाणे

माऊलींच्या पालखीसोबत चालताना पाय कसे सुजतात, दिवे घाटात दम कसा लागतो हे सगळ्यांनी लिहून झालंय, ते सोडतो. मला लोणंदचं सांगायचंय.

वाल्ह्याहून निघालं की वाटेत नीरेला पादुकांचं स्नान आणि पुढे लोणंदचा मुक्काम. आम्ही पोचलो तर राहुट्या लांब, चढावरच्या खडकाळ जागेत ठोकलेल्या. खाली मस्त सपाट रान मोकळं, शेजारीच पाण्याचा टँकर, पण दिंडीचालक महाराज म्हणे नाही, इथंच. पाठीला दगड टोचतायत, बायका हंडे घेऊन चढ चढतायत, एक मावशी तर म्हणाल्या आज समाज आरतीला टाळ वाजवूया. (तळावर चोपदारांनी दंड वर केला की सगळा जमाव गप्प होतो, फक्त जिची काही तक्रार आहे ती दिंडी टाळ वाजवत राहते, मग ती ऐकून घेतात. आता आपल्याच महाराजांविरुद्ध कोण वाजवणार म्हणा!)

रात्री धो धो पाऊस. सकाळी त्या सपाट रानात घोटाभर पाणी, खाली उतरलेल्यांची अंथरुणं चिंब. मग काय, जो तो महाराजांच्या पाया पडतोय, तुम्हाला आधीच कळलं होतं माऊली! ते धोतर पिळत म्हणाले, "अरे पाऊस आला म्हणून मी शहाणा. नसता आला तर अजून शिव्या घालत बसला असता."

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व समोरून धावत गेले, माझ्या डोक्यात मात्र तेच वाक्य. कारण आमच्या घरात एक गोष्ट कायम सांगितली जाते, की बाबांनी व्हीआरएस घेतली आणि पुढे दोन वर्षांत कंपनी बंद पडली, बाकीचे देणी मागत कोर्टात फिरले, बाबांना सगळं आधीच दिसलं होतं. मीपण हे रंगवून सांगायचो. आणि कंपनी चालू राहिली असती, पगार वाढले असते, तर हेच लोक बाबांना काय काय बोलले असते? निर्णय तर तोच होता ना!

फलटणला चार्जिंग मिळाल्यावर आईला फोन लावला, विचारलं बाबांना खरंच अंदाज होता का गं.

"कसला अंदाज," आई म्हणाली, "पाठ धरायची त्यांची, रात्रपाळी झेपत नव्हती. तू गोळ्या घेतोयस ना वेळेवर?"