नील बेटावरची ठिपकेवाली: ओळख पटली

अंदमानातल्या नील बेटावर (कागदोपत्री आता शहीद द्वीप) स्नॉर्केलिंग करताना दिसलेल्या, समुद्री गोगलगाय वाटणाऱ्या एका ‘ठिपकेवाली’ची फाइल अखेर बंद केली. छातीभर पाणी, मेलेल्या प्रवाळाचा खडक आणि त्यावर भर दुपारी बिनधास्त उघड्यावर चाललेली ही बया. लांबी बोटभर. काळ्या अंगावर निळसर राखाडी उभे कंगोरे, कंगोऱ्यांवर फोडांसारखे उंचवटे आणि मोठ्या उंचवट्यांची टोकं हळदीसारखी पिवळी.

मुंबईच्या खडकांवर ओहोटीला भटकणाऱ्यांची नजर आधी पाठीच्या मागच्या टोकाला कल्ल्यांचा तुरा शोधते. गोनिओब्रँकस बॉम्बेयानस ही समुद्री गोगलगाय, जिचं नावच मुंबईवरून पडलंय, तीही तुरेवालीच. इथे तुरा औषधालाही नाही. म्हणून मुळात ही गोगलगाय आहे का, इथूनच सुरुवात केली.

पहिला संशय चपट्या कृमींवर. त्यांच्यातले काही न्यूडीब्रँकची (म्हणजे अशा बिनशंखाच्या समुद्री गोगलगायींची) हुबेहूब नक्कल करतात. पण कृमी कागदासारखा पातळ, कडा लहरत जाणारा, आणि त्याची ‘शिंगं’ म्हणजे पुढच्या कडेला पडलेल्या घड्या. आपल्या प्राण्याचं अंग जाड, कडक, चामड्यासारखं. शिवाय व्हिडिओ हळू करून पाहिला तर पाठीतल्या दोन खळग्यांतून वर आलेली दोन पिवळी र्‍हायनोफोर (वास घेणारी शिंगं) स्पष्ट दिसतात, त्यांवरच्या बारीक आडव्या चकत्यांसकट. कॅमेरा जवळ नेला तशी दोन्ही आत गेली आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आली. कृमी बाद.

दुसरा संशय जास्त मजेदार. पिअर्सनोथुरिया ग्रेफाय या समुद्रकाकडीची पिल्लं याच रंगांची असतात: फिकट अंग, काळ्या रेघा, पिवळे काटे. मोठेपणी हा वेश पार उतरतो. पण काकडीला र्‍हायनोफोर नसतात, तिच्या तोंडाशी शुंडकांचा झुबका असतो. तीही बाद.

उरलं ते फिलिडिया या समुद्री गोगलगायींचं घराणं. एवढे बहुरूपी या घराण्याच्या मागे का लागले असावेत? कारण विष. फिलिडिया डिवचली की घाण वासाचा चिकट द्रव सोडते. एका लहान टाकीत ठेवलेल्या फिलिडिया व्हॅरिकोसामुळे सोबतचे मासे आणि खेकडे मेल्याची नोंद जोहान्स या संशोधकाने 1963 साली प्रसिद्ध केली. हे विष ती स्वतः बनवत नाही, ज्या स्पंजावर जगते त्यातून घेते. किसणीसारखी जीभ (रॅड्युला) या कुळाला नसतेच, स्पंज विरघळवून शोषून घ्यायचा. तेव्हा हात लावू नका आणि हौसेने घरच्या टाकीत तर मुळीच आणू नका.

आता जात. फिलिडिएला पुस्तुलोसा लगेच कटली: तिचे उंचवटे गुलाबी किंवा हिरवट, र्‍हायनोफोर काळी. उरल्या फिलिडिया व्हॅरिकोसा आणि फिलिडिया सीलेस्टिस. दोघींची र्‍हायनोफोर पिवळी, दोघींच्या पाठी निळ्या-काळ्या-पिवळ्या. कंगोऱ्यांच्या संख्येवरून अंदाज बांधता येतो, पण कंगोरे मध्येच तुटतात, एकमेकांत मिसळतात, आणि मग ज्याला जे हवं ते दिसतं. माझा त्यावर भरवसा नाही. पक्की खूण पोटाखाली: व्हॅरिकोसाच्या तळव्यावर मधोमध लांब काळा पट्टा असतो, सीलेस्टिसच्या तळव्यावर नसतो. कल्लेही तिथेच, तळवा आणि पाठीची झालर यांच्यामधल्या खाचेत, पानांच्या चळतीसारखे. तुरा सापडत नव्हता तो यामुळे.

उलटं करून बघणं आमच्यात बसत नाही. पण नशीब असं की व्हिडिओच्या शेवटी ती दोन खडकांमधली फट ओलांडते. तेवढ्यात पुढचा भाग अधांतरी उचलला जातो, आणि तीन-चार फ्रेममध्ये राखाडी तळवा दिसतो. मधोमध काळा पट्टा. व्हॅरिकोसा! लामार्कने 1801 साली नाव दिलेली.

यापुढे पाठीचे फोटो दोनच काढायचे, बाकी वेळ कॅमेरा खडकाच्या पातळीला आणून बाजूने व्हिडिओ. त्याच दिवशीची दुसरी, नखाएवढी ठिपकेवाली फक्त वरून टिपलीय. ती तूर्तास नुसती ‘फिलिडिया’ म्हणूनच नोंदवली आहे.