दिवा होता, उजेड पोचत नव्हता

त्या बाई आल्या तेव्हा रडकुंडीला आल्या होत्या. हिवाळा लागला की येणाऱ्या उदासीचं त्यांचं हे तिसरं वर्ष. दहा-दहा तास झोपूनही अंग जड, सारखं गोड खावंसं वाटायचं, माणसं नकोशी व्हायची. ‘उदासीवर वापरतात तो प्रखर उजेडाचा दिवा घेतलाय, तीन आठवडे रोज बसतेय, काडीचा फरक नाही.’

जीव नकोसा वाटतो का, हे मी आधी स्पष्ट विचारलं. ‘हो’ म्हणाल्या असत्या, तर दिव्याची वाट न बघता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. नाही म्हणाल्या. मग दिवा मागवून घेतला.

खोक्यावर १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) लिहिलं होतं, पण बारीक अक्षरात पुढे ‘३० सेंटिमीटरवर’. डोळ्यांवर येतो म्हणून त्या तो टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवायच्या. तसाच ठेवायला लावून टेप धरली: ९० सेंटिमीटर. लक्समीटर डोळ्यांपाशी नेला, काटा १,३०० च्या आसपास थांबला. अंतर तिप्पट झालं की उजेड जवळपास नवव्या हिश्शावर येतो. इतक्या उजेडात अर्धा तास बसणं म्हणजे औषधाचा डोस चाटून सोडणं.

शिवाय त्या बसायच्या रात्री जेवणानंतर. हे जास्त वाईट. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ अलीकडे ओढतो. रात्रीचा उजेड मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक, दाबून झोप पुढे ढकलतो, आणि सकाळचं उठणं आणखी जड होतं.

पर्समधून सेंट जॉन्स वर्ट या, उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या गोळ्याही निघाल्या. ‘वनस्पतीच्या आहेत, नैसर्गिक.’ त्यांची गर्भनिरोधक गोळी चालू होती, आणि ही वनस्पती तिचा असर कमी करते. वर त्वचा उजेडाला हळवी होऊ शकते, म्हणजे दिव्याशी मेळच नाही. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून गोळ्या थांबल्या.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार नाही, कधी उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाचा आणि झोपच नकोशी होण्याचा, झटका आलेला नाही, हे विचारून घेतलं, कारण उजेडाने उन्माद उसळू शकतो. मग ठरलं: उठल्यावर तासाभरात, ३० सेंटिमीटरवर, ३० मिनिटं. दिवा किंचित वर आणि बाजूला. डोळे उघडे, नजर पुस्तकावर किंवा ताटावर, दिव्यात रोखून नाही. दुपारी बाहेर फेरी, आभाळ भरलेलं असलं तरी. घरात जेमतेम दोन-तीनशे लक्स असतात, ढगाळ दुपारी बाहेर काही हजार.

अकराव्या दिवशी त्यांचा निरोप आला: आज गजराच्या आधी जाग आली.