डुबुक

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता आणि फळीवरचे चाळीस वाडगे बुडवायचे होते. कोरियाच्या दक्षिण टोकाला, गोहुंगमध्ये, एका मातीकाम करणाऱ्या बाईंच्या हाताखाली मी शिकत होते. सगळे त्यांना सनसेंगनिम म्हणत, म्हणजे गुरुजी. मीही तेच म्हणायचे.

इथल्या उन्देरी गावात १५व्या-१६व्या शतकातल्या भट्ट्यांचे अवशेष आहेत. करड्या मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा लेप आणि वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, हे बुनचॉंग. ही कला आधीच मागे पडत चालली होती; १५९२पासूनच्या जपानी स्वाऱ्यांत कितीतरी कुंभार पकडून जपानला नेले, आणि ती लयाला गेली. ब्रशने लेप लावायची रीत आहेच, पण इथली ओळख म्हणजे अख्खं भांडं लेपात बुडवायचं. त्याचं नाव दॉमबॉंग. पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज, आपलं डुबुकच.

नाव गोड आहे, काम अवघड. कच्चा वाडगा लेपातलं पाणी पितो. आधीच ओला असेल तर काठ बसतो, फार सुकला असेल तर लेपाचे पापुद्रे निघतात. दमट हवेत माझे वाडगे वरून सुकलेले वाटत होते, पण बुडाशी ओल होती. ओळीने पाच बसले. मला रडू फुटायचं बाकी होतं.

सनसेंगनिमनी बसलेले वाडगे मातीच्या पिंपात टाकले, उरलेले शेगडीजवळ मांडले आणि मला किनाऱ्यावर घेऊन गेल्या. ओहोटी होती. मैलभर करडा चिखल, आणि पाणी मागे सरकलं तिथे फेसाची पांढरी, वेडीवाकडी कड. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या वाडग्यांवर लेप जिथे थांबतो ती कड अगदी तशीच असते, हे मला तेव्हा दिसलं.

परतल्यावर बूड तीन बोटांत धरून वाडगा घट्ट ताकासारख्या लेपात सोडला, लगेच उचलला, एकदाच झटकला. काठ उभा राहिला! बोटांखाली मात्र तीन करडे डाग कोरे राहिले होते. ते भरायला मी ब्रश उचलला तर सनसेंगनिमनी मनगट धरलं.

‘‘तिथे धरलं होतंस ना? मग दिसू दे.’’

संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून पस्तीस बुडवले. कोणता कुणाचा हे मी लिहून ठेवलं नव्हतं. त्यांनी फळीवरून नजर फिरवली आणि माझे अकरा वेगळे काढले. माझ्या बोटांचे डाग त्यांच्यापेक्षा जवळजवळ होते.