स्टॉकफिश, लीला आणि तो मेला ‘टाइम फॉरफिट’: माझा अनुभव

नोव्हेंबर २०२५मध्ये वर्ल्ड कप आपल्या गोव्यात झाला तेव्हापासून भाच्याच्या अंगात बुद्धिबळ शिरलंय. डिसेंबरच्या सुट्टीत फोंड्याला आमच्याकडे आला तो प्रश्न घेऊनच, मामा, स्टॉकफिश भारी की लीला? ही दोन्ही कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळणारी इंजिनं. म्हटलं दोन दिवसांत सांगतो. तीन आठवडे गेले.

डाउनलोड वगैरे एका संध्याकाळी उरकलं, त्यात काही नाही. स्टॉकफिश ११ मी मुद्दाम घेतलं. ते जुन्या वळणाचं, माणसांनी लिहिलेल्या नियमांवरून पोझिशनला मार्क देणारं. १२पासून, म्हणजे सप्टेंबर २०२०पासून, त्यातही न्यूरल नेटवर्क आलं, मग स्टाइलमधला फरक काय डोंबल दिसणार. लीला गूगलवाल्यांच्या अल्फाझीरो प्रोग्रामसारखी स्वतःशीच खेळून शिकलेली. दोन्ही यूसीआय, म्हणजे इंजिनांची ठरलेली भाषा, बोलतात; क्यूटचेस नावाच्या सामने लावणाऱ्या प्रोग्राममध्ये जोडली की आपापसात खेळत बसतात.

प्रत्येकाला डावाला ६० सेकंद आणि दर चालीला वर ०.६ सेकंद, असे १०० डाव लावले, चार-चार एकदम, कारण लॅपटॉपला चार कोर. रात्री निकाल आला, स्टॉकफिश ६८, लीला ३२. म्हणजे साधारण १३० एलोचा (खेळाडूंची ताकद मोजायचे गुण) फरक! भाच्याने लगेच मित्रांना कळवूनही टाकलं, आणि खोटं कशाला बोलू, मीही जरा छाती फुगवून हिंडलो.

दोन दिवसांनी सहज एक डाव उघडून बघतो तर लीलाकडे सरळ जिंकलेली पोझिशन, आणि खाली लिहिलंय टाइम फॉरफिट. दुसरा उघडला, तेच. मग पीजीएन फाइलमध्ये, म्हणजे जिथे सगळे डाव लिहिले जातात तिथे, तो शब्द सर्च केला तर एकवीस डाव! एकवीस डाव लीला हरली नव्हतीच, तिचं घड्याळ पडलं होतं. आठवडा गेला या भानगडीत. आधी वाटलं लीलाचंच सेटिंग चुकलं, म्हणून मूव्ह ओव्हरहेड, म्हणजे दर चालीमागे हाताशी राखायचा वेळ, वाढवला, तरी सात डाव गेलेच. मग वाटलं लॅपटॉप तापतोय, खाली दोन पुस्तकं सरकवून पंख्याखाली ठेवला, तरी पाच. शेवटी कळलं, लीलाला किती थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) घ्यायचे ते मी सांगितलंच नव्हतं. चार डाव एकदम, त्यात लीला हवे तेवढे थ्रेड ओढतेय, आणि कोर चारच. घराच्या एका बाथरूमपुढे सकाळी जी रांग लागते तसलं झालं. स्टॉकफिश भराभर उरकून मोकळं, लीला दाराशी उभी. एकेक थ्रेड दिला, एका वेळी एकच डाव ठेवला, टाइम फॉरफिट शून्य. पण मग १०० डावांना सहा तास.

तर सहा तासांतला ६१वा डाव चालू असताना लाईट गेली, आणि बॅटरी मेलेलीच होती. साठ डाव फाइलमध्ये शाबूत, म्हणून मी शहाण्याने उरलेले चाळीस लावले, तर ओपनिंगचं पुस्तक, म्हणजे डावांच्या ठरलेल्या सुरुवातींची यादी, परत पहिल्या पानापासून सुरू! तेच डाव दुसऱ्यांदा मोजले गेले. प्रत्येक ओपनिंग रंग बदलून दोनदा खेळवतो, म्हणजे साठ डावांत तीस ओपनिंग संपतात, तेव्हा पुस्तकाच्या सेटिंगमध्ये ‘स्टार्ट’पाशी ३१ टाकायचं असतं. हे कोणी आधी सांगेल तर शपथ. (ओपनिंगचं पुस्तक लावाच हां, नाहीतर तेच तेच डाव येतात.)

शेवटी धड निकाल आला तो ५७.५–४२.५, म्हणजे ५२ एलो. आणि १०० डावांत हा आकडा दोन्हीकडे जवळपास पन्नास एलोने चुकू शकतो! ती चूक निम्मी करायची तर डाव चौपट. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतं. शिवाय माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, लीला त्याच्याशिवाय रांगते, तेव्हा हा निकाल फक्त माझ्या लॅपटॉपपुरता.

स्टाइलचं म्हणाल तर त्यात मजा आली. एका डावात लीलाने ‘एच’चं, म्हणजे पटाच्या कडेचं, प्यादं पाचव्या-सहाव्या घरापर्यंत रेटलं, वर एक प्यादं फुकट सोडलं, आणि वीस चाली स्टॉकफिश स्वतःलाच बरं म्हणत राहिलं. मग त्याने स्वतःला दिलेला आकडा घसरायला लागला तो लागलाच. पण एकाचे आकडे दुसऱ्याशी लावून बघू नका, लीला आतून जिंकण्याची शक्यता मोजते आणि मग तिचे प्याद्यांत आकडे करते. आणि हत्ती जास्त असताना मात देईल तर ती लीला कसली, राजा घेऊन अंगणात फेऱ्या मारते. सिझिजी टेबलबेस, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरच्या पोझिशनची तयार उत्तरं, लावलेत तर बरं, पाच मोहऱ्यांपर्यंतचे एक जीबीच्या आसपास आहेत.

आता ४०० डाव लावलेत. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तेव्हा २४३वा चालू होता, आणि भाचा चार्जर मोबाइलला लावायला निघाला होता. ओरडलोच त्याच्यावर.