फोनच्या आवाजाने मच्छर जातात का? माझा 47 दिवसांचा अनुभव

"ॲप चालू असताना सिलिंग फॅन बंद ठेवा."

नागपुरात, सप्टेंबर महिन्यात, दम्याचा त्रास असलेल्या 72 वर्षांच्या माणसाच्या खोलीत पंखा बंद ठेवा, असं मला डास पळवणारं ॲप बनवणाऱ्यांनी लेखी कळवलं होतं. तो ई-मेल आजही उघडला की डोकं तापतं. म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतेय.

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. नाही जात. फोनच्या आवाजाने डास पळत नाहीत. आम्ही करून पाहिलं, पैसे घालवले, ते परत मिळवले, आणि या भानगडीत जे वाचलं-शिकले ते पुढे लिहिते.

ॲप घेतलं ते बाबांमुळे. बाबा म्हणजे माझे सासरे. कॉइल लावली की त्यांना धाप लागते, लिक्विडच्या मशीनने खोकला सुरू होतो, आणि आमची जुनी सुती मच्छरदाणी इतकी दाट विणीची की आत जीव घुसमटतो म्हणायचे. गणपतीत घरात पाहुणे, दारं सतत उघडी, मच्छरांनी नुसता उच्छाद मांडलेला. अशात फोनवर जाहिरात दिसली: धूर नाही, वास नाही, रसायन नाही, फक्त ध्वनिलहरी. दम्याचा माणूस घरात असला की "धूर नाही" हे शब्द किती मोठे वाटतात, ते त्या घरालाच कळतं. 29 ऑगस्टला ॲप उतरवलं. तीन दिवस फुकट, मग वर्षाचे 899 रुपये. आत एक "डेंगू मोड" होता, 17 किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 17 हजार कंपनांचा. एक "वटवाघूळ मोड" होता, 40 किलोहर्ट्झचा. हा 40 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोन ठेवला खिडकीच्या कट्ट्यावर, कूलरला लागून, कारण चार्जरची वायर तिथपर्यंतच पुरत होती. डेंगू मोड लावला. मला काहीच ऐकू येईना, बाबांना तर नाहीच. नऊ वर्षांची लेक मात्र उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, ती शिट्टी बंद कर ना, कानात टोचतेय." मी म्हटलं, अगं आवाजच नाहीये, झोप. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिला मी रागावले, याचं मला अजून वाईट वाटतं. माणसाच्या कानाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, पण ते लहानपणी. वय वाढतं तसे वरचे स्वर आधी जातात, चाळिशीनंतर 15 हजारांच्या पुढचं बहुतेकांना ऐकू येत नाही. लेकीला खरोखर शिट्टी ऐकू येत होती. घरात लहान मूल असेल तर एवढं एक तरी लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल.

तिसऱ्या संध्याकाळी डेंगू मोड चालू असताना एक डास त्याच फोनच्या काचेवर येऊन बसला. काळा, पायांवर पांढरे पट्टे, मागचे दोन पाय वर उचललेले. स्पीकरच्या भोकांपासून बोटभर अंतरावर. नवऱ्याने त्याच्या फोनवर फोटो काढला, तारीख-वेळेसकट. मी ॲप काढून टाकलं आणि विषय संपला असं समजले.

1 सप्टेंबरला 899 रुपये कापले गेले.

हे पक्कं लक्षात ठेवा: ॲप फोनमधून काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. ज्या स्टोअरमधून घेतलं तिथे "सबस्क्रिप्शन"मध्ये जाऊन वेगळी बंद करावी लागते, आणि यूपीआयने दिली असेल तर आपल्या यूपीआय ॲपमधल्या "ऑटोपे"मध्ये जाऊन तो आदेशही रद्द करायचा. मी दोन्ही केलं, पण पैसे गेल्यावर.

आता खरा अडकलेला भाग. स्टोअरकडे परतावा मागितला, तर म्हणाले ॲप बनवणाऱ्यांशी बोला. ॲप बनवणाऱ्यांना 2 तारखेला मेल केला, फोटो जोडला. दोन दिवसांनी उत्तर आलं: आवाज पूर्ण ठेवा, फोन डोक्यापासून एक मीटरवर ठेवा. म्हणजे मी फोन चुकीच्या जागी ठेवला, हा निष्कर्ष. मी पुन्हा लिहिलं की मला ॲप वापरायचंच नाहीये, पैसे परत हवेत. 8 तारखेला तो पंख्याचा मेल आला. पंख्याच्या हवेमुळे ध्वनिलहरी विस्कळीत होतात म्हणे.

आम्ही खरंच ॲप पुन्हा उतरवून एक रात्र पंखा बंद ठेवला. सगळं प्रामाणिकपणे केलं तर पुढे कोणी बोट ठेवणार नाही, असं मला वाटलं होतं. रात्री दोन वाजता बाबा घामाने चिंब होऊन उठून बसले आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चावून लाल झाले होते. डास उडायला फार कमजोर असतात, पंख्याच्या झोतात त्यांना अंगावर उतरता येत नाही. शिवाय ते आपल्याला शोधतात श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, अंगाच्या उष्णतेवरून आणि वासावरून, आणि पंखा ते सगळं पांगवतो. त्या खोलीत डासांविरुद्ध एकच वस्तू खरं काम करत होती, आणि तीच यांनी बंद करायला लावली. त्या रात्रीपासून प्रश्न 899 रुपयांचा उरला नाही.

तिसरं उत्तर, 13 तारखेला: तुमच्या भागातल्या डासांसाठी 17 ऐवजी 19 किलोहर्ट्झ वापरून पाहा. चौथं: फोनचं मॉडेल कळवा. कळवलं. पाचवं: परिणाम दिसायला 15 दिवस सलग वापर लागतो. तोवर स्टोअरची परताव्याची मुदत संपलेली. प्रत्येक उत्तरात एक नवीन गोष्ट मीच चुकीची केलेली असायची, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी "आम्ही आपल्या समाधानासाठी कटिबद्ध आहोत". सकाळी डबे करता करता मेल बघायची मला सवयच लागली होती, आणि दिवसाची सुरुवात त्यानेच खराब व्हायची.

मी पाचही वेळा एकच साधा प्रश्न विचारला होता: हा आवाज कोणत्या डासावर, कुठे तपासला? एकदाही उत्तर आलं नाही. तुम्ही कोणतंही यंत्र किंवा ॲप घेणार असाल तर पैसे देण्याआधी हाच प्रश्न विचारा, आणि लेखी विचारा. फोनवर बोललेलं पुढे कामाला येत नाही.

मग मीच वाचायला लागले. या आवाजांचा मुख्य दावा असा की ते नर डासाच्या पंखांचा आवाज काढतात. रक्त फक्त मादी पिते, अंड्यांसाठी, आणि मीलन झालेली मादी नराला टाळते, म्हणून पळेल. पण डेंगूच्या एडिस डासांमध्ये मादीचा पंख सेकंदाला साधारण 400 वेळा हलतो आणि नराचा साधारण 600 वेळा. म्हणजे नराचा आवाज 600 हर्ट्झच्या आसपास. हे वाजवत होते 17,000! डासाचा कान त्याच्या मिशांच्या बुडाशी असतो आणि तो जोडीदाराच्या पंखांचा असला खालचा स्वर टिपण्यासाठी बनलेला असतो. नराच्या मिशा झुपकेदार असतात त्या त्यासाठीच. आवाजाने नर मादीकडे ओढला जातो, हे सिद्ध झालंय. आवाजाने मादी माणसाला सोडून जाते, हे नाही.

आणि हे काही आजचं नाही. डास पळवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या प्रत्यक्ष मैदानात केलेल्या 10 चाचण्या कोक्रेन या संस्थेच्या 2007 सालच्या आढाव्यात एकत्र तपासल्या आहेत. यंत्र चालू आणि यंत्र बंद, उघड्या अंगावर बसायला येणारे डास मोजले. दहाही चाचण्यांत यंत्राचा काही फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तर 2001 मध्येच अशी अल्ट्रासॉनिक यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या 60 हून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती की दाव्याला शास्त्रीय पुरावा हवा. ती निदान या कामासाठी बनवलेली यंत्रं होती. फोनचा स्पीकर बोलण्यासाठी आणि गाण्यांसाठी असतो, वरच्या स्वरांना तो आधीच मान टाकतो.

हे चालू असतानाच 19 सप्टेंबरला लेकीला ताप भरला. डेंगूची एनएस-1 ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. ते दिवस मी इथे लिहीत नाही. ती बरी आहे, प्लेटलेट्स फार खाली गेल्या नाहीत. एवढंच सांगते, की अशा तापात पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन, मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंगूचा डास मुख्यतः दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. आम्ही "डेंगू मोड" लावत होतो तो रात्री झोपताना. हे ॲपमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर 26 तारखेला मी 1915 ला फोन लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रार क्रमांक दिला. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण आपण एकटे मेल पाठवत बसतो त्यापेक्षा त्याचं वजन वेगळं असतं. तिथे न जमलं असतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. 5 लाखांपर्यंतच्या वस्तू-सेवेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय ते स्पष्ट दिलंय, कलम 2(28).

कंपनीने हेल्पलाइनलाही तेच कळवलं: ग्राहकाने सूचना पाळल्या नाहीत.

तेव्हा उपयोगी पडला माझा भाचा. इंजिनिअरिंगला आहे, रविवारी लेकीला बघायला आला होता. त्याने स्वतःच्या फोनवर आवाजाचे स्वर आलेखात दाखवणारं ॲप उघडलं आणि माझा फोन शेजारी ठेवला. 12 किलोहर्ट्झला रेघ उंच उभी राहिली. 17 ला बोटाच्या पेराएवढी. 19 ला शोधावी लागली. मग तो म्हणाला, "मावशी, आता तो वटवाघूळवाला लाव." लावला, आणि मला शिट्टी ऐकू आली! बारीक, पण स्वच्छ. 40 हजार हर्ट्झचा आवाज जगातल्या कुठल्याही माणसाला ऐकू येऊ शकत नाही. भाच्याच्या आलेखात रेघ 8 हजारांवर उभी होती. त्याने समजावलं: आपला फोन सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, म्हणजे बारीक तुकडे, वाजवतो, त्यात त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 24 हजारांच्या, वरचा स्वर बसतच नाही. त्यावरचं काही कोंबलं तर ते उलटं दुमडून खाली येतं. 48 मधून 40 गेले, 8 उरले. म्हणजे ज्याला ते वटवाघळाचा आवाज म्हणून विकत होते, तो त्या फोनमधून निघूच शकत नव्हता, आणि बनवणाऱ्यांनी ते एकदाही तपासलं नव्हतं.

तो आलेख, घड्याळासकट, हेल्पलाइनच्या तक्रारीला जोडला. खाली एकच ओळ लिहिली: माणसाला ऐकू येणारा हा आवाज 40 किलोहर्ट्झचा कसा, ते कळवावे. यावर कंपनीकडून पंखा, अंतर, 15 दिवस, काहीही आलं नाही. परतावा मंजूर झाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला, भाच्याचा आणि माझाही.

एक राहिलंच. डेंगूची नोंद झाल्यावर आरोग्य विभागाच्या एक ताई घरी आल्या होत्या. त्यांनी सगळ्यात आधी कूलर कुठे आहे ते विचारलं. पाऊस सुरू झाल्यावर कूलर बंदच होता, पण टाकीत चार बोटं पाणी राहिलेलं. ताईंनी बाजूची ताटी काढली आणि टॉर्च धरला. पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीने लटकलेल्या अळ्या, डोकं खाली, पंचवीस-तीस तरी असतील. उजेड पडताच सगळ्या वळवळत तळाशी गेल्या. फोन ज्या कट्ट्यावर वाजत होता त्याच्यापासून एक वीतभर. "मॅडम, नुसतं पाणी ओतू नका," त्या म्हणाल्या, "कडा घासा. अंडी पाण्याच्या वर चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात." अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. आता दर शनिवारी कूलर असेल तेव्हा कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या, छतावरचा ड्रम, सगळं काथ्याने घासते. ड्रमला सुती कापड बांधलंय. खिडक्यांना वेल्क्रोची जाळी लावून घेतली, कारागीर अर्ध्या दिवसात लावून गेला.

पैसे 18 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दुपारी जमा झाले. त्यात थोडे घालून बाबांसाठी नायलॉनची नवी मच्छरदाणी आणली, उंच, मोकळ्या विणीची, पंख्याची हवा आत येते अशी. पहिल्या रात्री ते आतूनच म्हणाले, "वारा लागतोय गं." लेक मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचत होती.