बोकास देल तोरो : आल्मिरांतेपर्यंत रस्त्याने, पुढे बोटीने

पनामातल्या बोकास देल तोरोच्या बेटावर जाण्याच्या या प्रवासाचं वेळापत्रक शेवटाकडून मांडायला घ्यावं. मुख्य भूमीवरच्या आल्मिरांते या गावाच्या धक्क्यावरून बेटाकडे जाणारी शेवटची प्रवासी बोट साधारण सहा-साडेसहाला सुटते. त्यानंतर अंधार पडतो आणि धक्का बंद होतो. बस कुठून धरायची, सीमेवर किती वेळ हाताशी ठेवायचा, वाटेत जेवायला उतरायचं की नाही, हे सगळं या एका बोटीवरून ठरतं. संध्याकाळी पाचच्या आत धक्क्यावर पोचायचं असं धरून मागे मागे हिशोब करा.

बोकास देल तोरो हा पनामाच्या वायव्य टोकाचा प्रांत. त्याच नावाचा कॅरिबियन द्वीपसमूह त्याच्यासमोर आहे आणि त्यातल्या इस्ला कोलोन या बेटावर त्याच नावाचं गाव आहे. बेटाला पूल नाही. पनामा सिटीच्या अल्ब्रुक विमानतळावरून छोटं विमान तासाभरात पोचवतं, पण त्यात सामानाचं बंधन कडक असतं आणि तिकीट बसच्या कितीतरी पट. रस्त्याने येण्याचे मार्ग दोन : पनामा सिटीहून देशाच्या पश्चिमेकडच्या दाविद शहरामार्गे, किंवा कोस्टा रिकाच्या सान होसेहून सिक्साओलाची सीमा ओलांडून.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पनामाचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन अशा काही देशांचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा असेल आणि तो त्या देशात एकदा तरी वापरलेला असेल, तर वेगळा व्हिसा न घेता प्रवेश मिळतो. यातल्या मुदतीच्या अटी बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी पनामाच्या दिल्लीतल्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या आणि ते छापून जवळ ठेवा. सीमेवरच्या खिडकीत मोबाइलवरच्या ईमेलपेक्षा छापील कागदाला जास्त वजन असतं. कोस्टा रिकाचे नियम वेगळे आहेत, तेही स्वतंत्रपणे तपासा.

भारतात परतणाऱ्यांकडून हटकून राहून जाणारी गोष्ट म्हणजे पिवळ्या तापाची लस. भारताच्या यादीत पनामा पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवता येतं. तुम्ही फक्त बोकासला गेला होतात, पनामा कालव्याच्या पूर्वेकडच्या, तापाचा धोका असलेल्या जंगलात पाऊलही टाकलं नाही, असा युक्तिवाद तिथे चालत नाही, कारण यादीत अख्खा देश आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. निघायच्या आदल्या आठवड्यात लस घेऊन उपयोग नाही.

चलनाचा त्रास नाही. बाल्बोआ अमेरिकन डॉलरशी एकास एक बांधलेला आहे, नाणी पनामाची आणि नोटा अमेरिकन. मात्र ५० आणि १०० च्या नोटा दुकानदार आणि बोटवाले घेत नाहीत. एक, पाच आणि दहाच्या नोटांची गड्डी बरोबर ठेवा. बेटावर एटीएम आहे, पण शनिवार-रविवारी आणि सणाला ते रिकामं होतं.

पनामा सिटीहून

अल्ब्रुकच्या राष्ट्रीय बस स्थानकावरून संध्याकाळी आल्मिरांते आणि त्यापुढच्या चांगिनोला या गावाची थेट बस सुटते. दहा-बारा तासांचा प्रवास, तिकीट तिसेक डॉलरच्या आसपास. फलाटाकडे जायला फिरतं फाटक आहे आणि ते मेट्रो कार्ड टेकवल्याशिवाय उघडत नाही. शुल्क चिल्लरभरच, पण कार्ड नसेल तर बस समोर उभी दिसत असताना तुम्ही फाटकाच्या अलीकडे. कार्ड आधीच घेऊन ठेवा.

या बसमधला एसी हा स्वतंत्र विषय आहे. बाहेर तीस अंश असतानाही आत स्वेटर, कानटोपी आणि मोजे लागतात. हे सामान पोटातल्या डिकीत टाकलेल्या बॅगेत राहिलं तर रात्रभर कुडकुडणं आलं.

थेट बसची खरी अडचण वेगळीच आहे. ती आल्मिरांतेला पहाटे अंधारात सोडते आणि पहिली बोट उजाडल्यावर, सहाच्या सुमारास. हमरस्त्यावरच्या तिठ्यावर सामान घेऊन तास-दीड तास बसण्यासारखं ते गाव नाही. शिवाय सगळ्यात देखणा टप्पा झोपेत जातो. म्हणून आम्ही प्रवास तोडायला सांगतो : रात्रीच्या बसने दाविद, तिथे सकाळी चहा-नाश्ता, आणि मग दिवसाउजेडी डोंगर ओलांडायचा.

पनामा सिटी ते दाविद हा पॅन-अमेरिकन महामार्ग, साधारण साडेचारशे किलोमीटर, सात-आठ तास. गाड्या भरपूर. मध्ये सांतियागोला जेवणासाठी थांबा असतो. वाटेत तपासणी नाके आहेत. पोलीस बसमध्ये चढून पासपोर्ट मागतात, आणि प्रवेशाचा शिक्का बघायचा असल्यामुळे झेरॉक्स पुरत नाही. मूळ पासपोर्ट खिशात असू द्या.

दाविदहून चांगिनोलाला जाणाऱ्या छोट्या बस दिवसभर थोड्या थोड्या वेळाने सुटतात. त्यातच बसायचं आणि आल्मिरांतेला उतरायचं. चार तास लागतात, भाडं दहा डॉलरच्या आसपास. दुपारी बारापर्यंत निघालात तर निर्धास्त. दीडनंतर निघालात तर एका पंक्चरवर बोट चुकेल.

हा रस्ता फोर्तुना धरणाच्या बाजूने चढत देशाचा कणा ओलांडतो. प्रशांत महासागराच्या बाजूला ऊन, माथ्यावर दाट धुकं, पलीकडे उतरलं की कॅरिबियनचा पाऊस. एकाच चार तासांत. खनिज तेल एका महासागराकडून दुसऱ्याकडे नेणारी नळवाहिनीही याच डोंगरातून जाते. वळणं भरपूर आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी दाविदमध्येच घ्यावी आणि मागची बाकं टाळावीत. मोठ्या पावसात दरडी कोसळतात, तेव्हा एका मार्गिकेवरून वाहतूक सोडतात आणि चाराचे सहा तास होतात. घाट उतरल्यावर चिरिकी ग्रांदेजवळून रस्ता किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेला वळतो. हा पट्टा तयार नव्हता तेव्हा चिरिकी ग्रांदे ते आल्मिरांते हा टप्पाही फेरीबोटीनेच करावा लागे.

सान होसेहून

मेपे कंपनीची सिक्साओलाची बस घ्यायची, आणि तीही सकाळची पहिली. लिमोन, काउइता, प्वेर्तो व्येहो करत ती साधारण सहा तासांत सीमेवर पोचते. सुरुवातीलाच ३२ क्रमांकाचा रस्ता ब्राउलियो कारियो राष्ट्रीय उद्यानातून जातो आणि पावसाळी दिवसांत दरडींमुळे तो बंद होणं ही तिथली नित्याची बातमी आहे. आदल्या रात्री रस्ता चालू आहे का ते बघा. हाताशी वेळ असेल तर आदल्या दिवशीच प्वेर्तो व्येहोला मुक्काम करावा. तिथून सीमा दीड तासावर आहे आणि घाटाची टांगती तलवार उरत नाही.

इथला खरा सापळा घड्याळाचा. पनामाची वेळ कोस्टा रिकाच्या एक तास पुढे आहे. सिक्साओलाला दुपारी एक वाजता पोचलात तर पूल ओलांडताच दोन वाजलेले असतात, आणि सीमाही संध्याकाळी बंद होते. मोबाइल दोन देशांच्या टॉवरमध्ये हेलकावे खात कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. मनगटी घड्याळ सकाळीच पनामाच्या वेळेवर लावून टाका.

सीमेवरचा क्रम असा : आधी कोस्टा रिकाचा निर्गमन कर भरायचा (सात-आठ डॉलर, पावती जपून ठेवा), मग त्यांचा शिक्का, मग सिक्साओला नदीवरचा पूल चालत ओलांडायचा, मग ग्वाबितोला पनामाचा शिक्का. कर न भरता रांगेत उभं राहिलं तर परत पाठवतात. पनामाचा अधिकारी दोन गोष्टी मागू शकतो : देशाबाहेर जाण्याचं तिकीट आणि ५०० डॉलर जवळ असल्याचा पुरावा. दुसऱ्यासाठी बँकेचं ताजं छापील विवरण चालतं. ज्यांनी पुढचं काहीच ठरवलेलं नसतं त्यांना इथेच घाईने, मोबाइलचं नेटवर्क शोधत तिकीट काढावं लागतं. दोन्ही बाजूंचे शिक्के पडले का ते पान उघडून स्वतः बघा. एखादा शिक्का राहून गेला तर ते परतताना कळतं आणि दंड होतो.

कोस्टा रिकात भाड्याने घेतलेली मोटार सीमेपलीकडे नेता येत नाही.

पूल उतरल्यावर व्हॅनवाले घेरतात. आल्मिरांतेपर्यंत माणशी दहा डॉलरच्या आसपास, वेळ तासभर. स्वस्तात जायचं तर ग्वाबितो ते चांगिनोला एक बस आणि तिथून आल्मिरांतेला दुसरी. चार वाजून गेले असतील तर पैसे वाचवायच्या फंदात पडू नका, व्हॅनच घ्या. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसतात आणि घडांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. हा सगळा भाग युनायटेड फ्रूट कंपनीने उभा केला. कंपनीचं ठाणं आधी बेटावर होतं. ‘पनामा रोग’ या बुरशीने केळी गेली तसं ते मुख्य भूमीवर सरकलं.

रास्ता रोको

याला वेगळा मथळा द्यावा लागतो, कारण इथे प्रवास फसण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. उर्वरित पनामातून या प्रांतात येणारा रस्ता एकच आहे. तो अडवला की प्रांत तुटतो, आणि आंदोलकांना हे पक्कं ठाऊक आहे. जुलै २०२२ मध्ये महागाईविरुद्ध, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये तांब्याच्या खाणीच्या कराराविरुद्ध आणि २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायद्यातल्या बदलांविरुद्ध रस्ते अडले. २०२५ चं प्रकरण बोकासमध्ये सर्वांत तीव्र होतं. केळीमळ्यांतल्या हजारो कामगारांना कामावरून काढलं गेलं आणि जूनमध्ये प्रांतात आणीबाणीची स्थिती जाहीर झाली.

निघण्याच्या आदल्या दिवशी ‘सिएर्रे’ (बंद) आणि ‘ब्लोकेओ’ (अडवणूक) हे शब्द घालून स्पॅनिश बातम्या शोधा आणि बेटावरच्या मुक्कामाच्या ठिकाणी विचारा. तास-दोन तासांचा अडथळा असेल तर लोक सामान डोक्यावर घेऊन चालत पलीकडे जातात आणि तिकडची बस धरतात. लांबलचक आंदोलन असेल तर सरळ बेत बदला. तेव्हा विमानाची तिकिटंही एका दिवसात संपतात.

आल्मिरांतेचा धक्का

बस गावात न शिरता तिठ्यावर सोडत असेल तर धक्क्यापर्यंत शेअर टॅक्सी, माणशी एक डॉलर. उतरताक्षणी सायकलवरची पोरं ‘बोट? बोट?’ करत मागे लागतात, बॅग उचलतात आणि मग पैसे मागतात. बॅग स्वतःच्या हातात ठेवली की प्रश्न मिटतो. बोटी चालवणाऱ्या कंपन्या दोन-तीन आहेत, दर जवळजवळ सारखेच, सहा-सात डॉलर. जिची बोट आधी सुटेल तिचं तिकीट काढा. परतीचं तिकीट एकदम काढलं तर थोडं स्वस्त पडतं, पण मग त्याच कंपनीला बांधले जाता. आमच्या मते एकेरीच घ्यावं.

बोट म्हणजे बाहेरच्या इंजिनाची लांब फायबरची होडी. अर्धा तास लागतो. पुढच्या बाकांवर आपटी जास्त बसते. कंबर-पाठ दुखणारे, गरोदर स्त्रिया आणि वयस्क मंडळींनी मागच्या बाजूला बसावं, मात्र तिथे पाणी उडतं. मोठ्या बॅगा एकावर एक रचतात आणि वर ताडपत्री असेलच असं नाही. कचऱ्याच्या दोन मोठ्या काळ्या पिशव्या सोबत ठेवा, लॅपटॉप आणि कागदपत्रं मांडीवर घ्या.

शेवटची बोट चुकली तर खासगी होडीवाला भेटेल आणि नेतोही म्हणेल. जाऊ नका. होड्यांना दिवे नसतात, आणि पावसानंतर खाडीत ओंडके तरंगत असतात. आल्मिरांतेत राहण्याची सोय बेताची आहे. चांगिनोलाला परत जाऊन झोपणं बरं.

मोटार घेऊन आलेल्यांसाठी आल्मिरांतेहून वाहनं वाहणारी फेरीबोट आहे. वेळ दीड-दोन तास, सुटते सकाळी. पण बेटावर मोटारीचं काम नाही. धक्क्याजवळ राखणीच्या जागेत दिवसाला काही डॉलर देऊन ती ठेवता येते. आत काहीही ठेवू नका.

बेटावर, थोडक्यात

पनामात बहुतेक ठिकाणी नळाचं पाणी पिता येतं, इथे नाही. बाटलीबंदच घ्या. कोरड्या दिवसांत टंचाईही होते. वीज ११० व्होल्टची, चपट्या पिनांची. भारतातून नेलेली पाणी तापवायची कांडी इथे नीट चालणार नाही.

हे बेट चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे, पण पाऊस बारमाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात कोरडे आणि समुद्र शांत. डिसेंबरात भिजायची तयारी ठेवा. नोव्हेंबरभर राष्ट्रीय सुट्ट्या असतात आणि १६ तारखेला प्रांताचा स्थापनादिन. तेव्हा बस आणि खोल्या दोन्ही मिळणं अवघड.

शाकाहारी माणसाने नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, कारण मग ताटात कोंबडी येते. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (कोंबडी नको, मासे नकोत, हॅम नको) हेही म्हणा, आणि घेवड्याच्या उसळीत डुक्कर घातलंय का ते विचारा. नारळाच्या दुधातला भात, पातकोनेस म्हणजे चेपून तळलेली कच्ची केळी, आणि ओहाल्द्रे, म्हणजे आपल्या वेड्यावाकड्या जाड पुरीसारखा प्रकार, यावर दिवस निघतो. कारिमान्योला दिसायला साबुदाणावड्याच्या वळणाची, पण आत बहुधा खिमा असतो.

बास्तिमेंतोस आणि कारेनेरो या शेजारच्या बेटांवर जाणाऱ्या छोट्या होड्यांचं भाडं बसण्यापूर्वी ठरवा, आणि ते माणशी आहे की सगळ्यांचं मिळून, हेही विचारा.

परत येताना

आंतरराष्ट्रीय विमान असेल तर बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा हवा. आल्मिरांतेहून निघालेली रात्रीची बस पहाटे अल्ब्रुकला पोचते. तिथूनच मेट्रोची पहिली लाइन सुटते : सान मिगेलितोला बदलून दुसरी लाइन, मग कोरेदोर सूर स्थानकावर बदलून तोकुमेन विमानतळाचा फाटा. हा फाटा २०२३ मध्ये सुरू झाला. सगळं मिळून एक डॉलरही लागत नाही, टॅक्सीवाला मात्र पहाटे तीस मागतो. मेट्रो पाचच्या सुमारास सुरू होते, रविवारी उशिरा. जाताना घेतलेलं कार्ड इथेही चालतं.